सभेला वाफसा आला पाहिजे



आमच्या सीमाभागातील पुष्कळ तरुण मुलेमुली आज बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत, तर काही पुण्या-बंगळुरूच्या कचेऱ्यांत नोकरीस आहेत. सणासुदीला ती गावी आली म्हणजे तिकडच्या कामाच्या हकीकती घरी सांगतात. त्यांत अलीकडे एक गोष्ट वारंवार आमच्या कानी येते. कामाची बैठक भरली की प्रथम कामाचा विषय निघतच नाही. बैठक चालविणारे साहेब किंवा बाई सर्वांना एक साधासा प्रश्न घालतात. ‘लहानपणी तुम्हांला कोणता खेळ आवडे?’ किंवा ‘पहिल्या पगारातून तुम्ही काय विकत घेतले?’ प्रत्येकाने क्रमाने दोन वाक्यांत उत्तर द्यावयाचे आणि मग कामास आरंभ करावयाचा. या प्रश्नाला तिकडे ‘आइसब्रेकर’ म्हणतात. घरची वडील मंडळी हे ऐकून हसतात. विटीदांडूच्या गोष्टी सांगण्यासाठी का कंपनी पगार देते, असे एखादे आजोबा विचारतातही.

आम्हांस मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. तिच्यामागे माणसाच्या स्वभावाची चांगली पारख आहे, आणि शहरातील कचेऱ्यांपेक्षा आपल्या गावच्या सभांनाच तिची गरज अधिक आहे, असे आमचे मत आहे. म्हणून या आठवड्यात तिचाच थोडा विचार करू.

‘आइसब्रेकर’ हा शब्द मूळचा जहाजाचा. ध्रुवाकडील गोठलेल्या समुद्रात बर्फाचा थर फोडीत पुढे जाणारे आणि मागच्या जहाजांना वाट करून देणारे भक्कम बांधणीचे जे जहाज, त्याचे हे नाव. आपल्या मुलखात समुद्र गोठत नाही, त्यामुळे ही उपमा आपल्याला परकी वाटते. पण शेतकऱ्याला याहून जवळची उपमा ठाऊक आहे. पाऊस पडून गेल्याबरोबर कोणी पेरणीला हात घालीत नाही, कारण तेव्हा रानात चिखल असतो. फार दिवस थांबले तर रान आवळते. या दोहोंमधली जी वेळ, जेव्हा माती हाताला मऊ लागते आणि बी धरावयास तयार असते, तिला आपण वाफसा म्हणतो. सभेचेही तसेच आहे. माणसे येऊन बसली म्हणजे सभा भरली असे होत नाही. त्यांची मने एकमेकांचे बोलणे धरावयास तयार झाली पाहिजेत. आरंभीचा प्रश्न हा सभेला वाफसा आणण्यासाठी असतो.

आमच्या गावांतून सभांना तोटा नाही. स्त्रीशक्ती संघाची बैठक, दूध संघाची बैठक, शाळेच्या एसडीएमसीची बैठक, ग्रामसभा, आरोग्य केंद्रातील आशा ताईंची बैठक आणि चर्चच्या आवारात भरणारी पॅरिश कौन्सिलची बैठक. या सभांचे चित्र बहुधा एकसारखेच असते. अध्यक्ष बोलतात, सेक्रेटरी हिशेब वाचतात, नेहमीचे दोघे-तिघे त्यांवर बोलतात, आणि बाकीचे सह्या किंवा अंगठे करून घरी जातात. घरी पोहोचल्यावर मात्र त्यांना कंठ फुटतो. ‘ते चुकीचे होते, पण आम्ही कशाला बोलावे?’ हे वाक्य आम्ही कितीतरी घरांत ऐकले आहे. जे सभेत बोलावयाचे ते चुलीपुढे बोलले जाते, आणि चुलीपुढे बोललेले कामास येत नाही.

या मुकेपणाची किंमत कधी फार मोठी असते. उद्यमबागेतील एखादी फौंड्री डोळ्यांसमोर आणा. तेथे कोणी खानापूरकडचा मराठी बोलणारा आहे, कोणी बैलहोंगलकडचा कन्नड बोलणारा आहे, तर कोणी थेट उत्तर हिंदुस्थानातून पोट भरण्यास आलेला आहे. वितळलेले लोखंड ओतण्याची वेळ झाली आहे. नव्याने लागलेल्या एका पोराच्या ध्यानात येते की एका साच्यात ओल राहिली आहे. ओलसर साच्यात तप्त लोखंड पडले तर पाण्याची एका क्षणात वाफ होते, धातू उसळतो आणि जवळची माणसे भाजतात. पोराला हे दिसते. पण ओतणाऱ्या मिस्त्रीचे नाव त्याला ठाऊक नाही, त्याची भाषा धड येत नाही, आणि त्याच्याशी आजवर तो एक शब्दही बोललेला नाही. अशा वेळी शंभरातले किती जण ओरडून ‘थांबा’ म्हणतील? ज्याच्याशी सकाळी दोन शब्द बोलणे झाले आहे त्याला थांबवणे सोपे असते, पण अनोळख्या वडीलधाऱ्याला थांबवावयास फार मोठे धैर्य लागते.

ही आमची कल्पना नव्हे. मोठमोठ्या इस्पितळांत हेच दिसून आले आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीत सर्जन, भूल देणारे डॉक्टर, परिचारिका अशी अनेक माणसे एकत्र काम करतात, आणि कित्येकदा ती त्या दिवशी प्रथमच एकमेकांस भेटत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची एक तपासयादी जाहीर केली. ती तयार करणाऱ्यांचे प्रमुख होते अमेरिकेतील सर्जन डॉ. अतुल गावंडे. त्यांचे घराणे महाराष्ट्रातील उटी नावाच्या खेड्यातले (हे निलगिरीचे उटी नव्हे), आणि त्यांचे आजोबा सीताराम गावंडे तेथे शेती करीत. या यादीत, रुग्णाच्या अंगावर पहिला चिरा देण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व आपले काम मोठ्याने सांगावे, असे एक कलम आहे.

पुष्कळ सर्जनांना हे पोरकट वाटले. परंतु नवी दिल्ली, लंडन, मनिला यांसह जगातील आठ शहरांतील इस्पितळांत ही यादी वापरून पाहण्यात आली, आणि २००९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर गंभीर उपद्रव होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर आले, आणि मृत्यूचे प्रमाण हजारी १५ वरून ८ वर आले. हे सारे श्रेय नाव सांगण्याला देणे बरोबर होणार नाही. वेळेवर औषध दिले की नाही, कापसाचे बोळे व हत्यारे मोजली की नाही, अशी दुसरी कलमेही त्या यादीत आहेत. परंतु डॉ. गावंडे यांनी आपल्या पुस्तकात एक निरीक्षण नमूद केले आहे, ते आमच्या विषयाचे मर्म आहे. आरंभी ज्या परिचारिकेला आपले नाव सांगण्याची संधी मिळते, ती पुढे काही चुकत असल्याचे दिसले तर ते बोलून दाखवण्याचा संभव वाढतो. एकदा तोंड उघडले की दुसऱ्यांदा उघडणे सोपे जाते. आरंभीच्या त्या लहानशा प्रश्नाचा खरा उपयोग हाच आहे. त्याचे उत्तर काय येते याला फारसे महत्त्व नाही. गप्प बसणाऱ्याचा आवाज सर्वांच्या आणि त्याच्या स्वतःच्याही कानी पडतो, यालाच महत्त्व आहे.

आता ही चाल नवी आहे काय? मुळीच नाही. बैलगाडीच्या वाटेवर किंवा एस.टी.च्या बाकावर अनोळखी माणूस शेजारी बसला की आपले वडील विचारीत, ‘कुठलं गाव, पाव्हणं?’ आणि लगोलग, ‘तुमच्याकडं पाऊसपाणी कसं काय?’ आमचे कन्नड बंधू भेटताक्षणी ‘ऊटा आतेन री?’, म्हणजे जेवण झाले का, असे विचारतात. विचारणाऱ्याला जेवणाचा हिशेब नको असतो. तुमची विचारपूस करणारा कोणी येथे आहे, एवढेच त्याला सांगावयाचे असते. लग्नघरातील उखाणा घ्या. दिवसभर मान खाली घालून बसलेली नवरी दोन ओळींचा उखाणा घेते, घर हसते, आणि त्या क्षणापासून ती त्या घराशी बोलू लागते. आपल्या पूर्वजांना बैठकीचे शास्त्र शिकविणारा कोणी भेटला नव्हता, परंतु माणसाचा संकोच कसा सोडवावा हे त्यांना नेमके माहीत होते.

पण येथेच सावध राहावयास हवे. उखाण्याचा आग्रह विधवेला झाला तर काय होते, हे आपण पाहिले आहे. सगळे हसत असतात आणि एकीच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. म्हणजे प्रश्न विचारला की माणसे जवळ येतातच असे नाही. वाईट प्रश्नाने ती दूरही जातात. आमच्या भागात तर हे फार जपावयास हवे.

आडनाव विचारण्याची चाल सर्वत्र आहे, पण आडनावामागून जात येते, आणि जातीमागून कोणाला कोठे बसवावयाचे याचा हिशेब येतो. ‘मालक काय करतात?’ हा प्रश्न बायकांच्या बैठकीत सहज विचारला जातो. त्या वर्तुळात एक विधवा असते, एकीला नवऱ्याने टाकलेले असते, एकीचे लग्न झालेलेच नसते. आमच्या बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगराशी जोडलेली देवदासीची प्रथा पिढ्यान्पिढ्या चालत आली. १९८२ साली कर्नाटकाने तिच्याविरुद्ध कायदा केला खरा, पण त्या स्त्रिया आणि त्यांची लेकरे आपल्यामध्येच राहतात. ‘वडिलांचे नाव काय?’ हा प्रश्न चार जणांत विचारला जाणे त्यांना किती जड जात असेल, याचा विचार विचारणाऱ्याने आधी करावा.

दुसरा प्रश्न भाषेचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव-निपाणीचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, आणि २००४ साली महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. या वादाविषयी प्रत्येकाचे आपापले मत आहे आणि ते बाळगण्याचा त्याला अधिकार आहे. परंतु दूध संघाच्या किंवा कारखान्याच्या बैठकीचा आरंभ ‘तुम्ही मराठी की कन्नड?’ या प्रश्नाने झाला, तर खोलीचे दोन भाग तेथल्या तेथे पडतात, आणि मग दुधाच्या दराचा विचार दोन्ही बाजू निरनिराळा करू लागतात.

याउलट, सर्वांना लागू पडणारा प्रश्न काय करू शकतो, याचा दाखला निपाणीनेच दिला आहे. १९८१ सालच्या मार्च-एप्रिल महिन्यांत शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकविणारे शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. त्यांत मराठी बोलणारे होते, तसेच कन्नड बोलणारेही होते. तंबाखूला दर काय मिळाला, हा एकच प्रश्न प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा होता, आणि त्याचे उत्तर दोन्ही भाषांत सारखेच होते. ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या आंदोलनाचे राजकारण येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. इतकेच ध्यानात घ्यावे की ज्या प्रश्नात सर्वांचा घाम आहे, तो प्रश्न सर्वांना एका सतरंजीवर बसवतो.

मग चांगला प्रश्न कोणता? आमच्या मते त्याची कसोटी सोपी आहे. सभेतील सर्वांत गरीब, सर्वांत कमी शिकलेल्या आणि सर्वांत दुःखी माणसाला त्याचे उत्तर मान खाली न घालता देता आले पाहिजे. ‘सुट्टीत कोठे फिरून आलात?’ हा प्रश्न या कसोटीस उतरत नाही. ज्याला सुट्टीच नाही त्याने काय सांगावे? पण ‘आज घरून निघण्यापूर्वी शेवटचे कोणते काम केले?’ याला प्रत्येकाकडे उत्तर आहे. कोणी म्हशीची धार काढली असेल, कोणी पाणी भरले असेल, कोणी नातवाची शेंडी बांधली असेल. ‘पहिली मजुरी मिळाली तेव्हा तिचे काय केले?’, ‘तुमच्या गावच्या बाजाराचा वार कोणता, आणि तेथून न विसरता काय आणता?’, ‘तुमच्या हाताचे कोणते काम पाहून लोक नावाजतात?’ असे प्रश्न विचारावेत. हा शेवटचा तर विशेष उपयोगी आहे, कारण कोणाला काय चांगले येते ते त्यातून कळते, आणि पुढे काम वाटताना ते कामास येते.

दुसरी गोष्ट, विचारणाऱ्याने आपले उत्तर प्रथम द्यावे. अध्यक्ष गादीवर बसून प्रश्न घालणार आणि बाकीचे उभे राहून उत्तरे देणार, अशी रीत पडली तर ती परीक्षाच झाली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरॉन व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या करून त्यांना ३६ प्रश्न दिले. प्रश्नांचे तीन गट होते. आरंभीचे प्रश्न वरवरचे, पुढचे अधिक जिव्हाळ्याचे. आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोघांनीही द्यावयाचे. पाऊण तासाने त्या माणसांना परस्परांविषयी जी जवळीक वाटली, ती केवळ इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांहून अधिक होती. आपल्याला सभेत ३६ प्रश्न विचारावयाचे नाहीत. पण त्यातून दोन नियम घ्यावेत: आरंभ उथळ पाण्यातून करावा, आणि जो विचारील त्याने सांगावेही.

तिसरी गोष्ट, ज्याला उत्तर द्यावयाचे नसेल त्याला ‘पुढे जाऊ द्या’ म्हणण्याची मोकळीक असावी, आणि त्याबद्दल कोणी थट्टा करू नये. चौथी गोष्ट, प्रत्येकाने आपापल्या भाषेत बोलावे, आणि शेजारी बसलेल्याने त्याचा अर्थ दुसऱ्या भाषेत सांगावा. आमच्या भागात मराठी, कन्नड, कोंकणी, हिंदी यांपैकी दोन-तीन भाषा समजणारे माणूस प्रत्येक सभेत सापडतेच. दुसऱ्याचे बोलणे आपल्या तोंडाने सांगताना आपण ते अधिक लक्ष देऊन ऐकतो, हा त्यातला आणखी एक लाभ.

आणि पाचवी गोष्ट ऐकण्याची. प्रश्न विचारून उत्तराकडे पाठ फिरवणे हे न विचारण्याहून वाईट. येथे पुन्हा निपाणीचेच उदाहरण आठवते. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या तेथील स्त्रियांनी १९८० च्या सुमारास आपली संघटना उभी केली. त्यांच्यावर दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ या मंडळींनी १९८२ साली एक माहितीपट केला. तो करण्यापूर्वी त्यांनी काही महिने त्या स्त्रियांमध्ये घालविले, त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, आणि चित्रपटात काय यावे याचा विचार त्यांच्यासह केला. म्हणूनच त्या स्त्रिया आपल्या कष्टांविषयी कॅमेऱ्यापुढे मोकळेपणाने बोलताना दिसतात. धुळीत बसून तंबाखू निवडणाऱ्या बाईला बोलता येत नाही, असा समज करून घेणारे पुष्कळ असतात. तिला बोलता येत होते; तिला कोणी विचारलेले नव्हते आणि विचारून थांबलेले नव्हते.

‘यात वेळ फुकट जातो’ हा आक्षेप उरतो. त्याचा हिशेब मांडून पाहू. बचत गटात सामान्यतः १० ते २० सभासद असतात. १५ जणी धरल्या आणि प्रत्येकीला अर्धा मिनिट दिला, तर साडेसात मिनिटे होतात. उशिरा येणाऱ्यांची वाट पाहण्यात याहून अधिक वेळ जातो. आणि त्या साडेसात मिनिटांच्या बळावर एखादी म्हणू शकली की ‘वहीतील माझा हप्ता चुकीचा मांडला आहे’, किंवा ‘हे कर्ज मला पेलणार नाही, सही करावयास लावू नका’, तर पुढची कितीतरी भांडणे आणि अश्रू टळतात. आशा ताईंच्या बैठकीत नव्याने आलेली पोर, ‘माझ्या वाडीतील त्या बाळाचे वजन वाढत नाही’ असे दुसऱ्या महिन्याऐवजी पहिल्याच महिन्यात बोलली, तर त्या बाळाच्या दृष्टीने तो एक महिना सर्व काही असू शकतो.

तेव्हा आमची वाचकांस विनंती आहे. तुमच्यापैकी जे कोणी सभेचे अध्यक्ष, सेक्रेटरी किंवा नुसते पुढच्या रांगेत बसणारे असतील, त्यांनी येत्या बैठकीत हिशेबाची वही उघडण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा. उत्तर प्रथम स्वतः द्यावे. मग क्रम दाराशी बसलेल्यांपासून धरावा, कारण क्रम नेहमी पुढून सुरू होतो आणि दारापर्यंत पोहोचण्याआधीच वेळ संपते. कोणाचे नाव ठाऊक नसेल तर ते विचारून घ्यावे, आणि पुढच्या बैठकीत त्या नावाने हाक मारावी. आणि कचेरीत नोकरी करणारी आमची लेकरे आता सणाला घरी आली, की त्यांच्या त्या प्रश्नांना हसण्याऐवजी वडील मंडळींनी त्यांनाच विचारावे, ‘तू काय उत्तर दिलेस रे?’ घरातही पुष्कळ जण बरीच वर्षे गप्प बसलेले असतात.